बंद खोलीचा आकडा

याकूबचाचा कोणाच्याही खोलीत शिरले की आधी खाली वाकत. चपला काढायला वाकत असतील असं नवख्या माणसाला वाटे. पण ते दाराच्या तळाशी हाताचा पंजा आडवा धरत आणि बाहेरची हवा आत येते का ते बघत. येत असली तर सरळ होऊन "सलाम, साहेब" म्हणत. येत नसली तर काही न बोलता दारातच उभे राहत आणि चहा पुढे केला तरी त्यांचं अर्धं लक्ष त्या दाराकडेच असे. माझ्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दाराखाली एक जुना टॉवेल गुंडाळून कोंबला होता. त्यांनी तो पायाने बाजूला सारला. मला राग आला. बाहेर डोंगरावरचा वारा सुटला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तीन स्वेटर एकावर एक चढवले होते.

"आत शेगडी नाहीये चाचा," मी म्हणालो. "नुसता मी आहे."

"तुम्ही पण श्वास घेताच ना?" ते म्हणाले. "राहू द्या उघडं."

ओमान म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाळू आणि उकाडा एवढंच आठवतं. मीही कराडहून निघताना बॅगेत सगळे सुती शर्ट भरले होते. मस्कतला उतरलो आणि तिसऱ्या दिवशी कंपनीने मला जबल अखदरवर पाठवलं. निझवा सोडलं की डोंगराच्या पायथ्याशी पोलीस चौकी लागते, तिथून वर साधी गाडी सोडत नाहीत. मग नुसती वळणं आणि चढ. वर सैकच्या पठारावर डाळिंबाच्या बागा, पायरीपायरीची शेतं, आणि हिवाळ्यात सकाळी नळ सोडला तर पाणी येत नाही, कारण ते पाइपात गोठलेलं असतं. तिथे एका हॉटेलचं बांधकाम चाललं होतं. मी साइट इंजिनिअर. कामावर साठेक माणसं, आणि एकेका पोर्टाकॅबिनमध्ये दोघं दोघं राहायची.

या कॅम्पची वीज, पंप, गीझर, एसी, सगळं याकूब दळवी नावाच्या एका माणसाच्या हातात होतं. दाभोळच्या खाडीकाठचे. साठीला टेकलेले, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बारीक कापलेली पांढरी दाढी, शर्टच्या खिशात कायम टेस्टर. ओमानात तीस वर्षं काढलेली. घरी फोनवर बोलताना त्यांची खाडीकाठची बोली मला निम्मीच कळे, पण माझ्याशी ते शाळेतल्यासारखं नीटनेटकं मराठी बोलत. "सातवीपर्यंत मराठी शाळा, साहेब. गुरुजींनी शुद्धलेखनासाठी मारलंय," असं सांगत.

त्यांना एका शब्दाची चीड होती. कामगारांनी काम उरकून "खलास!" म्हटलं की ते विचारत, "बघितलंस, की नुसतं संपवलंस?" मग स्वतः जाऊन बघत. वायरचा जोड ओढून बघत, नळ दोनदा फिरवून बघत. पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करत. "बघितलंस, की नुसतं संपवलंस?" हे वाक्य आमच्या कॅम्पमध्ये जेवताना, दाढी करताना, पत्ते खेळताना कोणीही कोणालाही ऐकवत असे. चाचांना ते माहीत होतं. हसत नसत, रागावतही नसत.

नक्कल सगळ्यात चांगली करायचा तो मारुती. जत तालुक्यातला, गिलाव्याचं काम करणारा, तिशीचा, काटक. थंडी त्याच्याइतकी कोणालाच बाधत नव्हती. कामावर तो हातमोज्यांखाली पायमोजे घालायचा. "आमच्याकडं उन्हाळ्यात पत्र्यावर भाकरी भाजंल," तो म्हणायचा, "आन हितं पाण्यात हात घातला की भायेर काढल्यावर बोटं मोजावी लागत्यात." चाचांनी आपली गोधडी त्याला दिली होती. घरून आणलेली, जुन्या साड्यांची, चाचींच्या हातची. मारुती ती घेऊन कॅम्पभर दाखवत फिरला.

नोव्हेंबर सरत आला तसा थंडीचा बोभाटा मस्कतपर्यंत गेला. दोन माणसं छातीत कफ होऊन पडली, एक काम सोडून खाली निघून गेला. प्रोजेक्ट मॅनेजरने मला बोलावलं. ते चांगले शिकलेले, हसतमुख गृहस्थ होते, हिंदीत बोलत. कॅबिनमध्ये हीटर द्यायचे ठरले आहेत, म्हणाले. विजेचे की गॅसचे, कोणते स्वस्त पडतील याचा तुलनात्मक तक्ता करून दे. अर्बाबला, म्हणजे मालकाला, दोन आकडे हवेत, बाकी काही नको.

मला हे काम आवडलं. कॅम्पची वीज जनरेटरची होती आणि त्याचं डिझेल टँकरने घाट चढून वर यायचं. गॅसच्या टाक्या निझव्याहून यायच्या. मी हीटर किती वीज ओढेल, त्याला किती डिझेल जळेल, एक टाकी किती दिवस जाईल, सगळं मांडलं. गॅस जवळजवळ निम्म्यात बसत होता. तक्ता सुबक झाला. दाखवायचा म्हणून चाचांना दाखवला.

त्यांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा चढवला आणि माझ्या खाटेच्या कडेवर बसून तो कागद खूप वेळ वाचला.

"साहेब, तुम्ही दोन्ही खोल्या बंद धरल्यात."

"म्हणजे?"

"विजेचा हीटर असला तर खोली बंद करता येते. दार, खिडकी, फटी, सगळं गच्च. आत जाळ नाही. गॅसचा असला तर करता येत नाही. जाळ हवा खातो आणि घाण हवा सोडतो. खिडकी उघडी ठेवलीच पाहिजे. मग त्या खिडकीतून तुमचा गॅस बाहेर चालला. तो कुठे धरलाय यात?"

मी म्हणालो, थोडंफार वाढेल, पण गॅस तरी स्वस्तच पडणार. चाचांनी कागद घडी घालून परत दिला. "बघितलंत, की नुसतं संपवलंत?"

ते वाक्य त्यांनी मला पहिल्यांदाच ऐकवलं. मला ते झोंबलं, म्हणून मी तयार झालो. कॅम्पच्या टोकाला दोन कॅबिन रिकाम्या होत्या, शेजारी शेजारी, एकाच मापाच्या. एकीत चाचांनी आत तेल भरलेला विजेचा हीटर ठेवला, खिडकीला आतून थर्माकोल लावला आणि पत्र्याच्या प्रत्येक सांध्यावर पट्टी चिकटवली. दुसरीत गॅसचा हीटर, आणि खिडकी वीतभर उघडी. दोन्हीकडे थर्मामीटर. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की दोन्ही चालू करायचे, दोन्हीकडे ऊब सारखी राखायची, आणि सकाळी विजेचा मीटर वाचायचा, गॅसची टाकी कोठीतल्या वजनकाट्यावर चढवायची. एका दोनशे पानी वहीत आम्ही हे लिहीत गेलो. संध्याकाळचं माझ्या अक्षरात, सकाळचं चाचांच्या. त्यांचं अक्षर खरंच शुद्धलेखनाच्या वहीतलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी हीटर लावून आम्ही कॅबिनच्या पायरीवर बसलो होतो. उजेड होता अजून. समोरच्या उतारावर कोणीतरी शेळ्या हाकत होतं. मी सहज विचारलं, तुम्हाला हे सगळं इतकं कसं माहीत?

चाचांनी खिशातला टेस्टर काढून हातात फिरवला. मग म्हणाले, "मी या डोंगरावर आधी पण होतो. रस्त्याच्या कामाला. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. आम्ही तिघं एका खोलीत. मी, एक बलुची, आणि सलीम. सलीम माझ्या बहिणीचा नवरा. मीच त्याला व्हिसा काढून आणला होता. कोळशाची शेगडी घेऊन झोपायचो. त्या दिवशी मला यायला उशीर झाला, म्हणून दाराजवळची जागा माझ्या वाट्याला आली. वारा लागतो म्हणून ती कोणाला नको असायची."

शेळ्या वळणाआड गेल्या.

"सकाळी मला जाग आली ती ओकारीने. डोकं फुटत होतं. मी दोघांना हाका मारल्या. सलीमचा चेहरा चांगला लाल होता, साहेब. तब्येत सुधारल्यासारखा."

मी विचारलं, "मग परत इथे कशाला आलात?"

"नोकरी इथे मिळाली," चाचा म्हणाले. "डोंगराने काय केलंय?" आणि उठून थर्मामीटर वाचायला आत गेले.

तीन दिवसांत वही बोलली. उघड्या खिडकीच्या खोलीत ऊब टिकवायला गॅस मी धरला होता त्याच्या जवळजवळ दीडपट गेला. बंद खोलीतला विजेचा हीटर एकदा तापला की बराच वेळ आपोआप बंद राहत होता. गॅस तरीही थोडा स्वस्त होता. "उरलं ते एवढंसं," चाचा म्हणाले आणि त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. मी तक्त्याला दुसरं पान जोडलं. त्यावर दोन्ही खोल्यांचे आकडे, आणि खाली एक ओळ: बंद खोलीत गॅसचा हीटर वापरणं धोक्याचं आहे.

मॅनेजरनी पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं आणि हसून म्हणाले, "इतना क्यूं लिखते हो यार? एक पेज काफी है." मी खिडकीचं सांगितलं. ते म्हणाले, खिडकी उघडी ठेवायची सूचना आपण नोटीस बोर्डवर लावू, तू बंद खोलीचाच आकडा धर. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या फॅमिली व्हिसाचं कुठवर आलं?" धमकी नव्हती ती. आवाजात खरंच आपुलकी होती. माझी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. मस्कतमध्ये वादी अदाईत एका मित्राच्या इमारतीत दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती, बायकोने फोटोवरून पाळणा कुठे टांगायचा तेही ठरवलं होतं. अर्जावर मॅनेजरची सही हवी होती.

दुसरं पान मी काढून घेतलं. स्टेपलरची पिन नखाने उचकटली ते मला आठवतं.

संध्याकाळी चाचांनी विचारलं, "दोन्ही पानं दिलीत ना?"

"दिली," मी म्हणालो. दिली होतीच ना, असं मी स्वतःला समजावलं.

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

पंधरा दिवसांनी ट्रकमधून गॅसचे हीटर उतरले. चाचा खोक्यांकडे बघत उभे राहिले, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते बसवायला नकार देतील. पण त्यांनी सगळे स्वतः बसवले, प्रत्येक नळी साबणाच्या पाण्याने तपासली. मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला पटत नव्हतं ना?" ते म्हणाले, "मी नाही लावले तर दुसरा लावेल. तो भोकं पाडणार नाही."

त्यांनी प्रत्येक कॅबिनच्या भिंतीला दोन भोकं पाडली. एक खाली जमिनीशी, एक वर छताशी, समोरासमोरच्या भिंतींना. मूठ जाईल एवढी. कोणाची परवानगी घेतली नाही. कामगार कुरकुरले. एवढा हीटर दिला आणि वारा आत घेतला, म्हणाले. चाचा रोज संध्याकाळी कॅबिन-कॅबिन फिरून कोणी भोकात चिंध्या कोंबल्या असतील तर काढत. मारुतीच्या खोलीतून त्यांनी तीनदा काढल्या. चौथ्यांदा त्याला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही, पण त्यानंतर त्याने भोक बुजवलं नाही आणि चाचांची नक्कलही केली नाही.

जानेवारीत मॅनेजर पाहणीला वर आले आणि त्यांना ती भोकं दिसली. कॅबिन भाड्याच्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये किसने किया?" चाचा पुढे झाले. "मैंने." बुजवून टाका, असा हुकूम झाला. चाचा म्हणाले, "ही भोकं मी पाडलीत. मी बुजवणार नाही." हिंदीत सांगितलं, मग माझ्याकडे वळून तेच मराठीत सांगितलं. मी त्या वेळी बोलू शकलो असतो. वही माझ्या टेबलाच्या खणात होती, कॅबिन पन्नास पावलांवर होती.

दुसऱ्या दिवशी चाचांची बदली इब्राच्या साइटवर झाली. जाताना ते फक्त म्हणाले, "लक्ष ठेवा." आणि त्यांची गाडी गेल्यावर मी स्टोअरमधून फोमचे डबे काढून दिले. एका दुपारात सगळी भोकं बंद झाली. फोम फुगून भिंतीबाहेर आला होता, तो मी कापून सारखा करायला लावला. नोटीस बोर्डवर खिडकी उघडी ठेवण्याची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत लागली.

नवव्या दिवशी सकाळी मारुती कामावर आला नाही. त्याचा जोडीदार सुट्टीवर गावी गेला होता, म्हणून तो खोलीत एकटाच होता. दार फोडलं तेव्हा हीटर विझलेला होता, टाकी संपली होती. तो गोधडी हनुवटीपर्यंत घेऊन कुशीवर झोपला होता. चेहरा चांगला लाल होता.

चाचा इब्राहून कोणाच्या तरी गाडीत बसून दुपारी निझव्याच्या इस्पितळात पोचले. मी शवागाराच्या बाहेर बाकावर बसलो होतो. ते माझ्यासमोरून सरळ पुढे गेले. आत जाऊन आले, तोंड धुतलं, आणि विचारलं, "घरी सांगितलं?"

"नाही. कंपनीचा माणूस सांगणार आहे."

"कंपनीचा माणूस कुठल्या भाषेत सांगेल?"

मारुतीच्या वडिलांचा नंबर त्यांनी मिळवला आणि स्वतः फोन लावला. "आबा, मी याकूब बोलतोय. मारुतीबरोबर कामाला होतो. तुम्ही उभे असाल तर आधी बसा." मग त्यांनी सांगितलं. काहीही लपवलं नाही, अपघात, आजारी, असलं काही नाही. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग बायकांचा आला. चाचा फोन कानाला लावून उभे होते. चार-पाच मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. पलीकडचा फोन बंद झाला तेव्हा त्यांनी आपला खाली घेतला. "आपण आधी ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "सलीमच्या वेळी मी ठेवला होता."

मग पहिल्यांदा ते मला 'तू' म्हणाले. "भोकं कोणी बुजवली, तू?"

"हो."

त्यांनी मान हलवली, आणि कागदपत्रं कुठे मिळतात ते विचारायला खिडकीकडे गेले.

चौकशी सुरू झाली तेव्हा कंपनीच्या कागदावर कारण आलं: हीटर बसवण्यात चूक. बसवणारा याकूब दळवी. मार्चमध्ये चाचा कायमचे घरी जाणार होते, त्यांचं तिकीट काढलेलं होतं. ते रद्द झालं, पोलिसांनी देश सोडायला मनाई केली. कॅम्पमध्ये त्यांना परत आणून ठेवलं. ते काम करत नव्हते, नुसते पायरीवर बसलेले असत.

पहिल्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. "वही आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"बरं," म्हणाले आणि गेले.

ती द्या, असं ते म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. तीन दिवस मी ती वही खणातून काढत होतो आणि परत ठेवत होतो. बायकोचा फोन यायचा, ती पाळण्याच्या कड्यांबद्दल बोलायची. मॅनेजरनी एकदा खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तू यात नाहीस, घाबरू नकोस. माझ्या अर्जावर त्यांची सही झाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना चाचा माझ्यासमोर बसले. त्यांच्या हाताला कंप होता, डाळ सांडत होती. हा माणूस तीस वर्षं स्क्रू फिरवत आला होता आणि त्याचा हात मी कधी हललेला बघितला नव्हता. मी ताट तसंच ठेवून उठलो, वही आणि ते काढून घेतलेलं दुसरं पान पिशवीत घातलं आणि पाण्याच्या टँकरमध्ये बसून निझव्याला गेलो. पोलिसांच्या दुभाष्याला मी सगळं सांगितलं. भोकं कशासाठी होती, कोणी बुजवायला सांगितली, फोम कोणी काढून दिला. दुभाष्या मध्येच थांबला आणि म्हणाला, "हे तुम्ही स्वतःबद्दल सांगताय, कळतंय ना?"

पुढचं वकिलांमध्ये झालं. मॅनेजर बदलले. मलाही दीड महिना अडकवून ठेवलं, नंतर सोडलं, आणि नोकरी संपली. वादी अदाईची जागा दुसऱ्या कोणी घेतली. चाचांवरचा ठपका निघायला चार महिने लागले. त्याच हिवाळ्यात सगळ्या कॅबिनमध्ये विजेचे हीटर आले, फटी बुजवल्या, थर्माकोल लावला. डिझेलचा खर्च किती वाढतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. मी निघायच्या आठवड्यात स्टोअरवाल्याने मला महिन्याचा आकडा दाखवला. तो आमच्या दुसऱ्या पानावरच्या आकड्याच्या अगदी जवळ होता. स्टोअरवाला म्हणाला, "बस, इतनाच?"

गेल्या पावसाळ्यात चाचा वारले. त्यांच्या मुलाने फोन केला, बोलून झालं तरी मी फोन ठेवला नाही, त्यानेच ठेवला. त्याच्या पाचेक महिने आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. मी आता पुण्यात इमारतींच्या विजेच्या कामाचे अंदाज तपासण्याची नोकरी करतो. दोन दिवसांची रजा काढून दाभोळला उतरलो, विचारत विचारत घर गाठलं. खाडीच्या वर, माडांमध्ये, चिऱ्याचं बैठं घर. चाचा ओटीवर खाटेवर होते. छातीत पाणी झालं होतं, बोलताना दोन शब्दांनंतर थांबावं लागे. मला बघून ते उठून बसले, चाचींना हाक मारून म्हणाले, "डोंगरावरचा इंजिनिअर आलाय. मासे कर."

दुपार झाली. चाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण वाढलं. चाचांना ते पथ्याने चालत नव्हतं, ते भिंतीला टेकून बसले. मी इतक्या लांबून जे बोलायला आलो होतो ते बोललो. "चाचा, ते तीन दिवस मला माफ करा. मी पहिल्याच दिवशी वही दिली असती तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता."

"त्या तीन दिवसांचं काय घेऊन बसलास?" ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "मला काय झालं? चार महिने उशिरा खाडी बघितली."

मला हलकं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मारुती होता तेव्हा पण ते पान तुझ्याकडेच होतं."

आवाजात राग नव्हता. मीटर वाचून आकडा सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मी वाट बघितली, की आता ते आणखी काही म्हणतील, असू दे म्हणतील, नशीब म्हणतील. खालून मचव्याच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"जेव," चाचा म्हणाले. चाचींना खूण करून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढायला लावला, आणि माझं जेवण होईपर्यंत ते तसेच भिंतीला टेकून माझ्यासमोर बसून राहिले.